जावयाची टाकी

धसकेबुवा हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं पंपवाल्यानं, आणि कारखान्याच्या आवारात ते असं चिकटलं की फाटकावरचा पहारेकरीसुद्धा सकाळी "या बुवा, आहात का अजून?" असं विचारू लागला. बुवांचं काम टँकरमध्ये ॲसिड भरण्याचं. साधंसुधं नव्हे, गंधकाचं कडक ॲसिड. दिसायला तेलासारखं जाड आणि गरीब, पण लाकडावर सांडलं तर लाकडाचा कोळसा करणारं. इतक्या भित्र्या माणसाला हे काम दिलं कोणी, असं कोणालाही वाटेल. तर काम आधी मिळालं, भीती मागून आली. उमेदीच्या काळात एकदा त्यांच्या बुटावर चार थेंब पडले. बूट गेला, मोजा गेला आणि पायावर कायमचा डाग राहिला. तेव्हा जो धसका घेतला तो घेतलाच.

लोडिंगच्या जागी नियमांचा मोठा फलक होता. ड्रायव्हर मंडळी त्याला टेकून गप्पा मारत. बुवांना मात्र त्यातल्या एकेका ओळीची वेगळी भीती वाटे. चाकांखाली ठोकळे लावले नाहीत तर गाडी घरंगळेल, किल्ली ड्रायव्हरच्या खिशात राहिली तर भरता भरता तो गाडी सुरू करेल, गॉगल कपाळावर चढवला तर तो नेमका त्याच घडीला चढवलेला असेल. आणि सगळ्यात मोठी भीती पाण्याची. टाकीच्या तळाला पाणी राहिलेलं असलं आणि वरून कडक ॲसिड पडलं, तर ते पाणी क्षणात उकळतं आणि ॲसिडला बरोबर घेऊन वर उडतं. म्हणून बुवा प्रत्येक टँकरचा खालचा व्हॉल्व्ह ड्रायव्हरला थोडासा उघडायला लावत आणि स्वतः वाकून, लांब चिमट्यानं त्याखाली कागदाचा तुकडा धरत. कागद काळा पडला तर आधीचं ॲसिड, चालेल. कागद ओला झाला तर पाणी, आणि मग ती गाडी परत. शिवाय तोंडानं विचारत ते वेगळंच. "आतून कोरडी आहे? तू स्वतः बघितलीस?"

"बुवांचं चाललं तर समुद्रालाही विचारतील, कोरडा आहेस का म्हणून," पंपवाला म्हणे. बुवाही हसत, पण चिमटा खाली ठेवत नसत.

घरी तरी वेगळं काय होतं? बायको लवकर गेली आणि मुलीला बुवांनी एकट्यानं वाढवलं. दाराला कुलूप लावून जिना उतरल्यावर गॅस बंद केला की नाही हे बघायला ते हमखास परत वर जात. मुलगी खाली कंटाळून उभी. ती शाळेच्या सहलीला गेली की बुवा जेवत नसत, आणि ती परत आल्यावर तिच्यावरच चिडत. तिनं टँकर चालवणाऱ्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तर त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पण मुलगा गोड्या तेलाचे टँकर नेत असे. तेल काही उडत नाही, असं स्वतःला समजावून बुवांनी होकार दिला.

मुलगा चांगलाच होता. मोकळा, हसरा, टापटिपीचा. कपड्याला डाग नाही, गाडीला धूळ नाही. लग्न झाल्यापासून तो बुवांना मामा म्हणे, आणि बुवा त्याला अहोजाहो करत. एरवी त्याच्या वयाच्या ड्रायव्हरांना ते "अरे ए" करत, पण जावई तो जावई. त्याच्यासमोर नीट खुर्चीत बसणंही बुवांना जमत नसे.

एकदा मुलगी आणि जावई दोघं जेवायला आली तेव्हा जावयानं बातमी दिली. मालकानं नवीन गाडी घेतली होती, ॲसिडची, आणि ती त्याच्या हाती द्यायची ठरली होती. बुवांनी घास परत ताटात ठेवला. मग त्यांनी विचारायला जी सुरुवात केली ती संपेना. शिक्षण किती दिवसांचं दिलं? हातमोजे कोणते दिले? ब्रेक कोणी तपासले? डोळ्यात गेलं तर पहिल्यांदा काय करायचं, सांगा बघू. जावई आधी हसत उत्तरं देत होता, मग नुसती देत होता, आणि शेवटी ताटात बोटं फिरवत गप्प बसला.

तो हात धुवायला उठला तसं मुलीनं बापाला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, ते जावई आहेत तुमचे, आरोपी नाहीत."

"अगं, मी काळजीनं…"

"तुमची काळजी मी जन्मभर सोसलीय. त्यांनी का सोसायची? त्यांना वाटतं तुम्ही त्यांना बिनडोक समजता. पुन्हा अशी उलटतपासणी घेतलीत ना, तर आम्ही यायचं बंद करू. खरंच सांगते."

"नाही विचारणार," बुवा म्हणाले. "एक अक्षर नाही विचारणार."

तिनं तसं वचनच घेतलं. बुवांना या जगात एवढी एकच मुलगी होती, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बापावरच गेली होती ती त्या बाबतीत.

आणि मग एका सकाळी, ऊन नुकतं तापायला लागलं असताना, फाटकातून एक कोरा करकरीत टँकर आत आला. रंग इतका ताजा की त्यात आकाश दिसावं. खिडकीतून जावयानं हात केला.

बुवांनी आधी चाकांकडे बघितलं. आनंदही झाला, नाही असं नाही. पंपवाल्याला त्यांनी हळूच सांगितलं, "आमचे जावई," आणि सांगताना मान जरा ताठ केली. पंपवाला लगेच पंपघराच्या दारात ठाण मांडून बसला. अशी करमणूक रोज कुठे मिळते?

जावई उतरला आणि सरळ पाया पडायला वाकला. रबरी एप्रन आणि तोंडावरची काच अशा अवतारातल्या बुवांना काय करावं कळेना. "असू द्या, असू द्या," ते पुटपुटले. जावयानं न सांगता चाकांखाली ठोकळे लावले. न सांगता किल्ली आणून खुंटीवर टांगली. हातमोजे, बूट, गॉगल, सगळं जागच्या जागी. बुवा एकेक गोष्ट मनातल्या मनात बघत होते आणि वरवर आभाळाकडे बघितल्यासारखं करत होते. सगळं बरोबर होतं. आता राहिला खालचा व्हॉल्व्ह.

बुवांनी चिमटा उचलला. मग तो दुसऱ्या हातात घेतला.

"नवी गाडी म्हणजे… सगळं नीट असेल ना?" त्यांनी विचारलं.

"नीट म्हणजे काय मामा, आजवर एक थेंब भरला नाहीये हिच्यात. तुमच्याच हातून पहिल्यांदा भरायची म्हटलं. आतून आरशासारखी आहे."

"हां, हां. तेच म्हणतो मी."

"काय बुवा," पंपघरातून आवाज आला, "आज जावयाचीही झडती का?"

जावई हसला, पण त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. जेवणाच्या ताटावर गेलं होतं तेच. बुवांना ते दिसलं. मुलीचा आवाजही ऐकू आला, जणू ती तिथंच पिंपामागे उभी होती. कोरी गाडी. एक थेंब भरलेला नाही. नव्या टाकीत पाणी येणार कुठून? बुवांनी चिमटा भिंतीला टेकवून ठेवला.

"छे, कसली झडती," ते म्हणाले. "चला, घेऊ भरायला."

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लोखंडी जिना चढताना बुवांना वाटलं की घरातून निघालो आणि गॅस चालूच राहिला. परत खाली जावं आणि म्हणावं, जावईबापू, जरा तो व्हॉल्व्ह उघडता का? काय झालं असतं? मान गेला असता? पण आता तर ते जास्तच वाईट दिसलं असतं. आधी विश्वास दाखवायचा आणि अर्ध्या जिन्यावरून परत यायचं. बुवा परत फिरले नाहीत.

जावयानं टँकरवर चढून झाकण उघडलं. बुवांनी भरण्याचा लांब नळ वळवून आत सोडला. आता ड्रायव्हरनं खाली जाऊन पिवळ्या रेषेपलीकडे उभं राहायचं, असा नियम. एरवी बुवा एक बोट खाली दाखवत आणि ड्रायव्हर निमूट उतरत.

"ऊन फार आहे," बुवा म्हणाले. "तुम्ही खाली सावलीत बसा ना."

"तुम्ही उन्हात आणि मी सावलीत? बरं दिसेल का ते, मामा?" जावई कठड्याला धरून उभा राहिला. घाम पुसायला त्यानं गॉगल कपाळावर सरकवला.

"तो… डोळ्यांवर असलेला बरा," बुवा हळूच म्हणाले.

"हो हो, लावतो." आणि तो रुमाल शोधू लागला.

माणूस भीतीनं ओरडतो असं म्हणतात. बुवांचं उलटं झालं. भीती एवढी होती की आवाजच फुटेना, आणि भिडेनं तो आणखी आत दाबला. एकच गोष्ट त्यांच्या हातानं आपोआप केली. भरण्याच्या नळाचा व्हॉल्व्ह त्यांनी अगदी केसभर उघडला. पंपवाला या सवयीवरून त्यांना छळत असे, की बुवा टँकर भरत नाहीत, त्याच्या डोळ्यात औषध घालतात.

ॲसिडची बारीक धार आत पडली. आतून आवाज आला, तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा.

बुवांना कळलं. कळायला क्षणही लागला नाही. त्यांनी व्हॉल्व्ह पिळून बंद केला, पण आत पडलं ते पडलं होतं. टाकीच्या पोटात खदखद सुरू झाली. लोखंडी कठडा हातात थरथरू लागला.

"काय वाजतंय, मामा?" जावई म्हणाला आणि बघायला झाकणाकडे वाकला.

"मागे हो!" बुवा किंचाळले. "मूर्खा, मागे हो!"

त्यांनी त्याचा पट्टा धरून त्याला मागे खेचलं. त्याच वेळी झाकणातून पांढरी वाफ फुसकन वर आली आणि तिच्याबरोबर शिंतोडे. बुवांच्या तोंडापुढच्या काचेवर ते तडतडले. जावयाच्या तोंडापुढे काहीच नव्हतं. तो ओरडला नाही. त्यानं दोन्ही हात डोळ्यांवर घेतले आणि श्वास आत ओढल्यासारखा एक विचित्र आवाज काढला. तो आवाज बुवा पुढे कधी विसरले नाहीत.

जिना कसा उतरले ते त्यांना आठवत नाही. पाठीमागे टाकी गुरगुरत होती, पंपवाला पंप बंद करून भोंगा वाजवत होता, आणि बुवा आपल्याहून हातभर उंच माणसाला काखेत धरून अपघातासाठीच्या शॉवरकडे ओढत नेत होते. साखळी ओढली. पाणी धो धो कोसळलं.

"डोळे उघड."

"नाही उघडता येत…"

"उघड म्हणतो ना!" बुवांनी हातमोजे फेकले आणि स्वतःच्या बोटांनी त्याच्या पापण्या उघडून धरल्या. जावई धडपडत होता, पाण्यानं गुदमरत होता, हुडहुडी भरून दात वाजत होते. बुवांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं. त्यांच्याही अंगावरून पाणी वाहत होतं. डोळे लालभडक झाले होते आणि डावा तर बघवत नव्हता. त्यांनी पापण्या सोडल्या नाहीत.

"मामा," जावई मधेच म्हणाला. "मामा, मी काल धुतली हो टाकी. आतून."

"बोलू नकोस."

"आत वेल्डिंगचा चुरा होता, धूळ होती. तेलाची गाडी आम्ही धुतल्याशिवाय कधी नेत नाही. म्हटलं, तुमच्याकडे घाण टाकी कशी न्यायची? पाणी काढलं होतं मी, सगळं काढलं होतं. गाडी उतारावर उभी होती, पाणी पुढच्या टोकाला राहिलं असेल…" त्याला रडू फुटलं. "पण म्हटलं, मामा बघतीलच. तुम्ही सगळं बघता असं सगळेच सांगतात. म्हटलं, राहिलं असलं तर तुम्ही सांगालच."

बुवांनी स्वतःचं तोंडही धारेखाली धरलं. पाण्याखाली माणूस रडतोय की नाही हे कोणाला कळत नाही, एवढं एक बरं असतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की उजवा डोळा वाचला. डाव्याचं पट्टी उघडल्यावरच काय ते. "इतका वेळ पाण्याखाली धरून ठेवलंत म्हणून एवढं तरी आहे," असंही ते म्हणाले. कौतुकाचे शब्द होते ते. बुवांना ते ऐकवेनात. ते ओल्या कपड्यांनिशी खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मुलगी कामावरून तशीच धावत आली होती आणि नवऱ्याचा हात हातात घेऊन बसली होती. तिनं बापाकडे एकदाच बघितलं, आणि त्या बघण्यात केवळ एवढंच होतं, की बरं झालं तुम्ही तिथं होतात.

थोड्या वेळानं सुपरवायझर बाई आल्या. बाई सालस होत्या, आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आधी जावयाची विचारपूस केली, मग खुर्ची ओढून बसल्या.

"ही वेळ नाही, मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण दुसरी गाडी तिथं उभी राहायच्या आत मला समजायला हवं. खालचा व्हॉल्व्ह उघडून बघितला होता का?"

बुवांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी खाटेवरून आवाज आला.

"मामांनी सांगितलं होतं उघडायला," जावई म्हणाला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि तो छताकडे तोंड करून बोलत होता. "मीच नाही उघडला. म्हटलं, नवी गाडी आहे, कोरडी आहे. खोटं बोललो मी."

"असं असेल," बाई म्हणाल्या, "तर तुला पुन्हा टँकरवर बसता येणार नाही. कुठल्याच. मला तसं मालकाला कळवावं लागेल."

"कळवा," जावई म्हणाला.

लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण खोटं कशाला सांगा, त्या घडीला बुवांना सुटल्यासारखं वाटलं. गप्प राहिलं तर झालं. कोणी काही म्हणणार नाही. मग त्यांची नजर मुलीवर गेली. ती नवऱ्याकडे बघत होती. हात अजून हातात होता, पण चेहरा असा झाला होता की जणू ती एका अनोळखी माणसाजवळ येऊन बसली होती.

"नाही," बुवा म्हणाले. "मी उघडायला सांगितलंच नव्हतं. विचारलंही नाही. त्यांचा काही दोष नाही."

"मामा, कशाला…"

"तुम्ही पडून राहा."

मुलीनं मान वळवली. "का नाही विचारलंत?"

उत्तर तयार होतं. ओठांवर होतं. तूच म्हणालीस विचारू नका, म्हणून. खरं होतं आणि सोपं होतं. पण बुवांनी जन्मभर एकच विद्या केली होती, एखादी गोष्ट सांडली तर ती कुठे कुठे जाईल हे आधी बघायचं. त्यांना दिसलं. हे वाक्य मुलीच्या कानात जाईल आणि तिथंच राहील. ती रोज सकाळी त्या डाव्या डोळ्यासमोर चहाचा कप ठेवील आणि रोज तिला ते आठवेल. टाकीची खदखद ऐकतानाही बुवांना इतकी भीती वाटली नव्हती.

"विसरलो," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"वय झालं आता. विसरलो."

"बाबा, तुम्ही?" तिचा आवाज बारीक झाला. "खरं सांगा."

"सांगितलं ना, विसरलो म्हणून!" बुवा तिच्यावर खेकसले.

मुलीनं नवऱ्याचा हात हळूच खाटेवर ठेवला. ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. बाप असा हलगर्जीपणा करेल असं हिला वाटलं नव्हतं बिचारीला, असं समजून बाई उठल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रागावू नकोस त्यांच्यावर. माणूस आहे, होते चूक."

बुवा जागचे हलले नाहीत. ती त्यांच्यावर रागावलेली नव्हती, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच कळलं होतं.